बाईंची हिरवी रेघ

शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची असते. दप्तर घरी टाकून मी आईबरोबर तिच्या कामावर जायचे. तो शनिवारही तसाच होता, म्हणजे सुरुवातीला तरी तसाच होता. आईच्या खांद्याला हत्यारांची पिशवी होती, माझ्या हातात गुंडाळी केलेली पट्टी होती, आणि आम्ही वृद्धाश्रमाचा जिना चढत होतो.

माझी आई पट्ट्या बसवते. कंपनीच्या कार्डावर तिच्या कामाचं नाव बरंच लांबलचक आहे, पण काम सोपं आहे. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाच्या गादीखाली, बरोबर छातीखाली येईल अशी, एक पातळ सेन्सरची पट्टी सरकवायची. तिची वायर भिंतीजवळच्या छोट्या डबीत जाते. माणूस वर झोपून श्वास घेतो, पट्टीला तो कळतो, डबी तो पाठवते, आणि ज्याच्या फोनमध्ये ॲप असेल त्याला एक हिरवी रेघ दिसते. श्वास आत गेला की रेघ वर, बाहेर आला की खाली. श्वास थांबला तर रेघ आडवी पडते, लाल होते आणि फोन ओरडू लागतो.

पट्टी बसवल्यावर चाचणी घ्यावी लागते. एकानं गादीवर झोपायचं आणि दुसऱ्यानं फोन घेऊन लांब, मजल्याच्या टोकाला जाऊन उभं राहायचं. पूर्वी कंपनी या कामाला दोन माणसं पाठवायची. मग दुसरं माणूस काढून टाकलं. आईनं साहेबांना विचारलं, मी एकटी गादीवर आणि मजल्याच्या टोकाला एकाच वेळी कशी असणार? तेव्हा साहेब हसून म्हणाले होते, "मुलीला न्या की. तिचाही वेळ जाईल." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, कारण तेव्हा मी आईच्या शेजारीच उभी होते. लाजऱ्या मुलीसमोर लोक काहीही बोलतात. त्यांना वाटतं, जी बोलत नाही तिला ऐकूही येत नसेल.

तर मी झोपायचे. आई माझ्या श्वासाचा नमुना घ्यायची, तो ॲपमधून पुसायची, डबीतूनही पुसायची, आणि मग मला उठवायची. मी उठले की रेघ आडवी व्हायला हवी. झाली, की ती फोन माझ्यापुढे धरायची आणि विचारायची, "आडवी झाली?"

मी मान हलवायचे.

"मान नको हलवू. तोंडानं सांग. उद्या कुणी विचारलं तर मान हलवल्याचं ऐकू येत नाही."

"झाली," मी म्हणायचे. मगच आई पुढच्या कामाला लागायची. एकाही खोलीत तिनं हे टाळलेलं मी पाहिलेलं नाही.

त्या दिवशीची खोली एका निवृत्त शिक्षिकेची होती. सगळे त्यांना बाईच म्हणत. खिडकीपाशी खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून त्या आमचं काम बघत होत्या.

"ही कोण?"

"माझी मुलगी. चाचणीला झोपते," आई म्हणाली.

"बोलते का?"

"कमीच."

"म्हणजे मिठाची गुळणी धरून बसलीय. ये गं गुळणी, झोप. गादीत मधोमध खड्डा आहे, जपून. मी रोज पडते त्यात."

मी झोपले. खड्डा खरंच होता, आणि त्यात औषधी तेलाचा वास होता. माझी चाचणी झाली, पुसून झाली, रेघ आडवी पडलेली मी पाहिली आणि तसं तोंडानं सांगितलं. मग आईनं बाईंना झोपवून त्यांचा स्वतःचा नमुना घेतला. त्यांची रेघ मी कधी विसरणार नाही. वर चढताना ती मध्येच थबकायची आणि मग उरलेली चढायची. जिन्यात कुणी गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर उभं राहावं तशी.

आईनं ती बाईंना दाखवली. "गुडघे गेलेच होते," बाई म्हणाल्या, "आता श्वासालाही गुडघे आलेले दिसतायत." मग त्यांनी विचारलं, "आणि हे कुणाकुणाला दिसणार?"

"इथल्या सिस्टरना, आमच्या ऑफिसला आणि तुमच्या मुलाला. त्यांच्या फोनवर."

"म्हणजे मी जिवंत आहे की नाही, ते त्याला खिशातच कळणार."

"हो, घरबसल्या."

"झालं तर मग. आता जिना चढायला नको त्याला."

आई हसली. बाईही हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पुढे आम्ही तपासणीला अधूनमधून जात राहिलो. ॲपमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे एक डोळा असतो. त्या माणसानं आज रेघ बघितली असेल तर तो डोळा उघडा दिसतो. सिस्टरचा डोळा उघडा असायचा. मुलाचा मी कधीच उघडा पाहिला नाही. बाई दर वेळी विचारायच्या, "बघतो का गं तो?" आई पट्टीच्या वायरीकडे बघत सांगायची, "हो, बघतात की." एकदा बाई माझ्याकडे वळल्या. "तुझी आई चांगली आहे, पण तिला खोटं बोलता येत नाही. तू सांग गुळणी, बघतो का?" मी जमिनीकडे बघत राहिले. बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा कधीच विचारलं नाही.

थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी बाई जेवून झोपल्या त्या उठल्याच नाहीत. सिस्टर संध्याकाळचा चहा घेऊन गेल्या आणि हलवायला म्हणून त्यांनी हात लावला, तर हात गार होता. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय, जेवणानंतर लगेचच गेल्या असाव्यात. आणि दुपारभर सिस्टरच्या टेबलावर, ऑफिसच्या पडद्यावर आणि मुलाच्या फोनवर बाई श्वास घेत होत्या. डॉक्टर नाडी बघत असतानासुद्धा सिस्टरच्या हातातल्या फोनवर रेघ वर जात होती, खाली येत होती. हिरवीगार.

मुलानं तक्रार केली. करायलाच हवी होती, आपली आई तशी गेली असती तर मीही केली असती. पण ती त्यानं माझ्या आईविरुद्ध केली. कंपनीनंच त्याला तसं सुचवलं. कंपनीचं म्हणणं असं, की आईनं चाचणीचा नमुना पुसलाच नव्हता. त्यामुळे बाई गेल्यावर ॲप दुपारभर माझा श्वास दाखवत राहिलं. निष्काळजीपणा. हे सिद्ध झालं तर आईची नोकरी जाणार होतीच, पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. पोलिसात नाव जाणार, आणि मग कुठल्याही आजारी माणसाच्या गादीला तिला कुणी हात लावू देणार नव्हतं. तिला दुसरं काम येत नाही. आणि हे काम ती इतक्या नीट करते.

ती बातमी घेऊन आई घरी आली तेव्हा बूट न काढताच खुर्चीत बसली. तिनं विचारलं, "आडवी झाली होती ना गं?"

मी मान हलवली. तोंडानं सांग, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही.

चौकशी बाईंच्या खोलीतच ठेवली होती, भर दुपारी. साहेब होते, बाईंचा मुलगा होता, सिस्टर दाराशी उभ्या होत्या, आणि आम्ही दोघी. पडदे अर्धे ओढलेले होते. चादर काढलेली गादी उघडी पडली होती आणि तिच्यातला खड्डा तसाच होता. फिनाईलचा वास येत होता, आणि त्याच्या खालून, अगदी हलका, त्या तेलाचा. बाहेर पॅसेजमध्ये कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

साहेबांच्या तोंडात पेपरमिंटची गोळी होती. "या मुलीला कामावर आणायची परवानगी कुणी दिली?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच," आई म्हणाली.

"मी? मी असं कशाला म्हणेन?"

ते इतक्या सहज म्हणाले की मला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं असेल. मग राग आला. तो पोटातून वर आला, पण घशाशी येऊन थांबला. माझं नेहमी असंच होतं.

साहेब मुलाकडे वळले. "हे बघा, वाद नको. ही पोरगी इथेच आहे. तिला गादीवर झोपवू. त्या दुपारची रेघ आमच्याकडे साठवलेली आहे. हिची रेघ तिच्याशी जुळली की विषय संपला." त्यांनी डबी चालू केली. "झोप बाळ."

"तिला नका झोपवू," सिस्टर हळूच म्हणाल्या. "त्या गादीवर... लहान आहे ती."

"दोन मिनिटांचं काम आहे."

आईनं माझ्याकडे बघितलं. मला कळलं, की मी नाही म्हटलं तर तेही तिच्याच नावावर लागणार. मी चपला काढल्या आणि झोपले.

खड्ड्यात माझी पाठ बरोबर बसली. गादी थंड होती. थंडीत गादी थंडच असते, पण ही ओल्या कपड्यासारखी होती. मी छताकडे बघत राहिले आणि भीतीनं श्वास धरला. ठरवून नाही धरला, तो आपोआपच धरला गेला.

"आली," साहेब म्हणाले. त्यांनी फोन सगळ्यांना दिसेल असा धरला. "बघा. वर, खाली, वर. आणि ही त्या दुपारची. शेजारी शेजारी बघा. जुळतंय."

मुलगा वाकून बघत होता. "हो," तो म्हणाला. "सारखीच आहे."

"ही माझ्या मुलीची रेघ नाही," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "ही चढताना थबकते. बघा... ही बघा, थबकली."

"अहो, मुलगी घाबरलीय. श्वास अडखळणारच."

माझ्या छातीत कळ यायला लागली होती. मी अजून श्वास घेतलेला नव्हता. आणि तेव्हा माझ्या पाठीखाली गादी हळूच वर आली. अगदी थोडी. मध्येच थबकली. मग उरलेली वर आली... आणि खाली गेली.

मला ओरडायचं होतं. पण ओरडायला आधी श्वास घ्यावा लागतो, आणि मला वाटत होतं, मी घेतला तर आमचे दोघींचे श्वास मिसळतील.

"मी..." मी म्हणाले. परक्या माणसांसमोर मी याआधी कधी आपणहून बोललेय असं मला आठवत नाही. "मी श्वास घेत नाहीये. मघापासून... घेतलाच नाहीये."

मी उठून आईला जाऊन चिकटले. आता गादी रिकामी होती. साहेबांच्या हातातली रेघ वर चढली, थबकली, चढली, उतरली.

रेडिओवरचं गाणं संपलं आणि बातम्या लागल्या, तोवर आम्ही सगळे फोनकडेच बघत होतो.

साहेबच आधी सावरले. "हे काही विशेष नाही," ते म्हणाले. "सिग्नल तुटला की ॲप मधली जागा भरून काढतं. त्या माणसाचा मागचा श्वास घेऊन तोच पुढे दाखवत राहतं. नाहीतर जराशा खंडानं फोन ओरडतात, घरच्यांची झोप उडते, तक्रारी येतात. लोकांना घाबरवायचं नाही, म्हणून ही सोय ठेवलीय."

"म्हणजे त्या दुपारी..." आई म्हणाली. "बाई गेल्या, आणि तुमचं ॲप त्यांचाच आदला श्वास भरत बसलं?"

साहेबांना आपण काय बोलून गेलो ते तेव्हा कळलं. त्यांच्या तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "सिग्नल तुटला म्हणजे पट्टी नीट बसवलेली नव्हती," ते म्हणाले. "शेवटी तेच आलं ना?"

ऐकताय ना तुम्ही? चाचणीचा नमुना पुसला नाही, हा आरोप आमच्या डोळ्यांसमोर खोटा ठरला. तर त्याच दमात दुसरा आरोप तयार. भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा, एक पायरी मोडली तर दुसरीवर पाय. आणि तो मुलगा हे सगळं ऐकत उभा होता. त्याला कळलं होतं, मी त्याचा चेहरा बघत होते.

"मी त्या दुपारी बघितलं होतं," तो एकदम म्हणाला, कुणीही विचारलेलं नसताना. "हिरवं होतं. म्हणून मी कामाला लागलो."

तेव्हा मी दुसऱ्यांदा बोलले. "तुमचा डोळा मिटलेला असायचा," मी म्हणाले. "ॲपमध्ये. नेहमीच."

त्यानं साहेबांकडे वळून सांगितलं, "तक्रार आहे तशीच राहू दे." त्याला कुणाचं तरी नाव हवं होतं, नाहीतर तिथे स्वतःचं लिहावं लागलं असतं.

साहेबांनी ऑफिसला फोन लावून ती भरून काढायची सोय बंद करायला सांगितली. "झालं? केली बंद?" त्यांनी दोनदा विचारलं. पलीकडून हो आलं असणार. रेघ चालूच होती. त्यांनी डबीची पिन भिंतीतून उपसली. डबीचा दिवा विझला. रेघ चालू होती. तेव्हा आई काही न बोलता पुढे गेली, गादी एका हातानं उचलली, दुसऱ्या हातानं पट्टी खेचून काढली आणि तिची गुंडाळी केली. ती गुंडाळी तिच्या काखेत होती. फोनवर बाई श्वास घेत होत्या.

"आपण... ऑफिसात बघू," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला. जाताना त्यांनी एकदाही गादीकडे बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं आईला कळवलं, की ॲपमध्ये अशी कुठलीही सोय कधीच नव्हती. चौकशीच्या वेळी तसं कुणी बोललंही नव्हतं. निकाल लागेपर्यंत घरी बसा. आई सिस्टरकडे गेली, तर त्या रडल्या आणि म्हणाल्या, "माझी नोकरीपण इथेच आहे हो." मला त्यांचा राग आला, आणि मग त्यांच्यावर रागावल्याचाही आला. ज्यांच्यावर खरं रागवायचं ते कधी रडत नाहीत.

आई घरी बसली. घरातले सगळे नळ तिनं दुरुस्त केले, जे गळत नव्हते तेसुद्धा.

मग एका रविवारी सकाळी दार वाजलं. खूप थंडी होती, खिडकीच्या काचेवर आतून पाणी जमलं होतं. दारात बाईंचा मुलगा होता. जिना चढून त्याला धाप लागली होती. दाढी वाढलेली, लोकरी कोटाची बटणं वरखाली लागलेली.

"ताई, आत येऊ का?" त्यानं विचारलं.

आईनं खुर्ची पुढे केली. मी आतल्या दाराशी उभी राहिले. त्यानं फोन काढून टेबलावर ठेवला.

"ही माझ्याकडे येते," तो म्हणाला.

हिरवी रेघ होती. ॲपचं नाव नाही, डोळे नाहीत, काही नाही. काळा पडदा आणि त्यावर रेघ.

"ॲप काढून टाका ना मग," आई म्हणाली.

"केव्हाच काढलं. फोनसुद्धा नवा घेतला. साहेब म्हणतात, त्यांच्याकडून काही जातच नाही." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "आधी आईचीच यायची. थबकणारी. मी रोज बघायचो, खरंच बघायचो, शपथेवर सांगतो. मग एक दिवस ती थबकायची थांबली. वेगळीच झाली. ओळखू येईना कुणाची आहे. आणि काल आरशासमोर उभा होतो, तेव्हा कळलं."

त्यानं पुढे सांगायची गरज नव्हती. मी त्याच्या कोटाचं वरचं बटण बघत होते. बटण वर जात होतं, खाली येत होतं. रेघही तशीच. फक्त रेघ आधी जायची, आणि बटण मागाहून.

आईच्याही ते लक्षात आलं. ती खुर्चीच्या काठावर सरकली. "ही... पुढे आहे तुमच्या?"

"सुरुवातीला कळायचंही नाही. आता वाढत चाललंय. मघाशी मी खाली गाडीत बसलो होतो, तुमच्याकडे यावं की नाही असा विचार करत. निवांत बसलो होतो. आणि फोनवर हिला धाप लागलेली. मला कळेना कशाची. मग तुमचा जिना चढलो..." तो थांबला. "ताई, हे बंद करा. मी तक्रार मागे घेतो. पट्टी तुम्ही नीट बसवली होती हे मला माहितीय. तेव्हाही माहिती होतं."

तेव्हाही माहिती होतं. हे तो आमच्या घरात, आमच्या खुर्चीत बसून म्हणाला, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

आईच्या जागी मी असते तर खोटंच सांगितलं असतं. करते म्हणून, काहीतरी बटणं दाबली असती. पण तिला खोटं बोलता येत नाही.

"गादीखाली पट्टी नाही," ती म्हणाली. "डबी बंद आहे. मी काय काढू? काढता येत असतं तर तक्रार राहिली असती तरी काढलं असतं. असं कुणाला बघवतं का?"

तो उठला. "ठीक आहे," तो म्हणाला. "बघतो. संध्याकाळी वगैरे करतो ऑफिसला फोन. तक्रारीचं बोलतो त्यांच्याशी." माणसं करायचं नसलं की असंच बोलतात. तो कोटाची बटणं सारखी करू लागला. आईकडे बघत होता, टेबलाकडे नाही.

टेबलाकडे मी बघत होते. रेघ वर गेली, खाली आली, आणि आडवी पडली. लाल झाली नाही. फोन ओरडला नाही. हिरवीच राहिली आणि सरळ चालू लागली, पट्टीनं आखल्यासारखी. मी वाट बघितली. ती पुन्हा उठली नाही.

"काका," मी म्हणाले. "आत्ताच करा फोन."

तो दचकला. "एवढी काय घाई आहे बाळ?"

"अगं..." आई म्हणाली.

"आत्ता. आमच्यासमोर. इथूनच."

मला माझाच आवाज ओळखू आला नाही. घशाशी काहीच अडलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग फोन उचलला. रेघेकडे त्यानं बघितलं का? नाही, साहेबांचा नंबर शोधताना अंगठ्यानं तिला वर ढकललं. आणि आमच्या दारात उभा राहून तो बोलला. तक्रार मागे घेतोय. पट्टीत काही चूक नव्हती. ताई नीट काम करतात. साहेब पलीकडून काहीतरी म्हणाले असावेत, कारण तो जोरात म्हणाला, "नाही, माझंच. मी बघत नव्हतो. हो, लिहून घ्या तसं."

मी त्याला रेघेचं सांगितलं नाही. आईला आजवर सांगितलेलं नाही. सांगून त्याचं काय झालं असतं ते मला माहीत नाही, पण तो तसाच धावत सुटला असता आणि आईचं नाव तिथेच राहिलं असतं, एवढं मला माहीत होतं.

तो जिना उतरू लागला. आई खुर्चीत बसून रडत होती, मोठ्यानं, मोकळेपणानं. तिचा फोन वाजला. उद्यापासून या, असं ऑफिस सांगत होतं. मी खिडकीशी गेले आणि काचेवरचं पाणी बाहीनं पुसलं.

खाली अंगणात वॉचमन हात चोळत उभा होता. त्याच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. फाटकाशी एक कुत्रा उभा होता, त्याच्याही तोंडाभोवती वाफ होती. माझ्या श्वासानं काच पुन्हा धुरकट होत होती, म्हणून मी परत परत पुसत होते, चुकीचं दिसायला नको म्हणून. बाईंचा मुलगा दारातून बाहेर आला. आला होता त्यापेक्षा खूपच हलका वाटत होता. वॉचमनशी थांबून बोलला. दोघं हसले. वॉचमन बोलायचा तेव्हा वाफ निघायची. बाईंचा मुलगा बोलायचा तेव्हा हवा स्वच्छ असायची.

मग तो गाडीत बसला, काचा वर केल्या, आणि फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलू लागला. हात हलवत, मान डोलवत, कितीतरी वेळ. गाडीच्या सगळ्या काचा आतून बंद होत्या. मला त्याचे ओठ स्पष्ट दिसत होते, कारण शेवटपर्यंत एकाही काचेवर धुरकं धरलं नाही.